एकोडीचे डोमाजी आणि आमच्या गाडीचा मुक्काम

मी उचललेल्या दगडांची संख्या एकोणीस होती. उचलताना मी मोजले नव्हते. नंतर लोकांनी मोजले आणि तो आकडा मला बऱ्याच मोठ्या आवाजात कळवण्यात आला.

तीन वर्षांपूर्वीचा डिसेंबर. दुपारचे तीन वाजून गेलेले. लाखनी मागे टाकून आम्ही साकोलीच्या बाजूला चाललो होतो आणि रस्त्यावरूनच मला एक पटांगण दिसलं. धान खरेदी केंद्राचं पटांगण. सपाट, ऐसपैस, एका अंगाला पत्र्याचं गोदाम, दुसऱ्या अंगाला ताडपत्र्या पांघरून बसलेले धानाचे ढीग, कोपऱ्यात पाण्याचा नळ. फाटक सताड उघडं. 'येथे वाहने लावू नयेत' असा फलक कुठेही नाही. काटा जेवणासाठी बंद होता आणि माणसं लांब चिंचेखाली पांगली होती. पटांगणाच्या मधोमध गाडी मावेल असा एक लांब पट्टा रिकामा होता. त्यात फक्त काही दगड पडले होते.

ते एका सरळ रेषेत पडले होते, हेही मी पाहिलं. मी सदतीस वर्षं नागपूरच्या एका शाळेत भूगोल शिकवला आहे. दगड झिजतात कसे, वाहतात कसे, साचतात कसे, हे मी फळ्यावर आकृत्या काढून सांगितलं आहे. पण शेतकऱ्यांच्या आवारात वीस दगड एका रेषेत का येऊन बसले असतील, हा प्रश्न मला सुचला नाही. मी उतरलो, सुजाण नागरिकासारखे ते एकेक उचलले, कुंपणाशी त्यांचा व्यवस्थित ढीग रचला, हात झटकले, गाडी पट्ट्यात घेतली आणि आत बसलेल्या ललिताला म्हणालो, "बघ. मोफत, कायदेशीर आणि सुरक्षित."

ललिता ही माझी पत्नी. तीन दिवसांपासून ती फारसं बोलत नव्हती, आणि त्याची कारणं सांगायला हवीत.

निवृत्त झाल्यावर मी एक जुनी गाडी घेतली. पूर्वी ती एका फिरत्या दवाखान्याची होती. तिच्यात फळ्यांचा पलंग बसवला, गॅसची छोटी शेगडी बसवली, खिडक्यांना पडदे लावले आणि घर घेऊन फिरायचं ठरवलं. हॉटेलात उतरायचं नाही, नातेवाइकांकडे तर नाहीच. सुरुवात जवळच्या भंडाऱ्यापासून करू म्हटलं. हा जिल्हा मी वर्षानुवर्षं गोंदियासकट शिकवला होता. तो फुटून निम्मा झाल्यामुळे लवकर बघून होईल, असाही एक हिशेब होता. चालवणं मला जमत होतं. स्वयंपाक तिला जमत होता. अडत एकच गोष्ट होती. संध्याकाळ झाली की गाडी कुठे लावायची?

पहिल्या मुक्कामी एका पेट्रोल पंपाच्या कडेला लावली. दहाच्या सुमाराला टँकर आला म्हणून उठवलं. दुसऱ्या मुक्कामी एका मंगल कार्यालयाच्या मोकळ्या जागेत लावली. पाचला बँडवाले आले आणि आमच्या उशाशी वाजवून बघू लागले. तिसरा मुक्काम मोहाडीकडच्या करडीला. गाडीचा पांढरा रंग आणि पुसट झालेली लाल खूण पाहून सकाळी दाराशी तीन म्हातारे बी.पी. तपासायला उभे. ललिताने तिघांना चहा दिला, तिघांची विचारपूस केली आणि ते गेल्यावर पातेलं विसळता विसळता मला आपली अट सांगितली.

"आज कोणीतरी आपल्याला तोंडाने 'राहा' म्हटलं पाहिजे. चोरासारखं कडेला लावून झोपायचं नाही. दिवेलागणीपर्यंत तसं कोणी भेटलं नाही, तर गाडी नागपूरकडे वळवायची. आणि उद्या विकायला काढायची."

ती चिडून बोलली असती तर मी घाबरलो नसतो. ती शांतपणे बोलली.

तर असा मी, दिवेलागणीला अडीच तास उरलेले असताना, त्या पटांगणात सुटकेचा श्वास टाकत होतो. तेवढ्यात चिंचेखालून आरोळी आली.

"अरे, दगड कोनं उचलले बे!"

पुढच्या अर्ध्या मिनिटात गाडीभोवती पंचवीसेक माणसं जमली. मफलर गुंडाळलेले एक उंच गृहस्थ सर्वांत पुढे होते. त्यांना लोक वासुदेवराव म्हणत होते. "सातवा नंबर होता माझा! परवापासून ठेवून राहिलो!"

मागून एक बाई घुसल्या. "माझी अर्धी वीट कोठी गेली? निया रंग लागेल होता तिले."

"गोदावरीबाई, ढिगात पाहा. या पाहुण्यानं साऱ्यायचा ढीग मांडला."

मग मला समजलं. काट्यावर एका दिवसात मोजून होतं त्यापेक्षा धान कितीतरी जास्त येतं. नंबर दोन-दोन, चार-चार दिवसांनी लागतो. तेवढा वेळ रांगेत उभं कोण राहणार? म्हणून ज्याने त्याने आपल्या जागी आपला दगड ठेवायचा. दगड रांगेत, माणूस चिंचेखाली. मी जे उचलून कुंपणाशी रचलं होतं, ते एकोणीस घरांचे नंबर होते.

"मला वाटलं, नुसते दगड आहेत," मी म्हणालो.

"दगडच हायेत!" वासुदेवराव गरजले. "मंग काय सोनं ठेवाव आमी?"

"काय करता जी तुमी?" तेजराम नावाच्या एका बारक्या माणसाने विचारलं.

"शिक्षक होतो. भूगोल."

"घ्या! भूगोल शिकवते म्हणते, आन दगड नाई वळखत."

लोक हसले, पण ते हसणं माझ्या बाजूचं नव्हतं. काटा चारला सुरू व्हायचा होता. त्याच्या आत रांग लागली नाही तर इथे काय होईल हे सर्वांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. दोघा-तिघांनी ढिगाकडे धाव घेतली, आणि जो तो आपला दगड जरा पुढचा होता असं सांगू लागला. ललिताने आतून पडदा किंचित सरकवला, सगळं पाहिलं आणि पुन्हा ओढून घेतला.

"थांबा. दगडाले कोनी हात लावू नका."

आवाज चढा नव्हता, पण थांबले सगळे. धानाच्या ढिगाआडून एक बुटका माणूस येत होता. अर्ध्या बाह्यांचा स्वेटर, डोक्याला टॉवेल, पायांत टायरच्या चपला, वय पासष्टीच्या पुढे. हे डोमाजी शहारे. मुक्काम एकोडी. दगडांची रीत या पटांगणात त्यांनीच आणली होती, हे मला नंतर कळलं.

ते माझ्यापाशी आले. "गुरुजी, तुमी बी हात लावू नका. तुमी तं बिलकूल नाई."

मग गाडी मागे घ्यायला लावली, मोकळ्या पट्ट्याच्या टोकाशी उभे राहिले आणि डोळे मिटले. एकेक करून बोलू लागले. "काळा, चिपटा. कवडूचा. आना. त्याच्यामागं पाट्याचा तुकडा. तेजराम, तुहा. मंग कवेलूचा खापर. मंग घनश्यामचा गोटा, त्याच्यावर चुन्याची रेघ हाये..." सातवा वासुदेवरावांचा लागला. नववी निळ्या रंगाची अर्धी वीट. एकदाही अडखळले नाहीत आणि एकदाही कोणी 'असं नाही' म्हटलं नाही. एकोणीस दगड आपापल्या जागी जाऊन बसले. मी वर्गात चाळीस मुलांची हजेरी पुस्तकात बघून घेत असे, त्याची मला आठवण झाली आणि लाज वाटली.

"एक कमी हाये," गोदावरीबाई म्हणाल्या. "डोमाभाऊ, तुमचा कोठी हाये?"

पाचव्या नंबरावर डोमाजींची स्वतःची खूण होती. कच्ची वीट, न भाजलेली. ती उचलायची माझ्याकडून राहिली होती. आमच्या मागच्या डाव्या चाकाखाली सापडून तिचा भुगा झाला होता.

सगळ्यांनी आधी भुग्याकडे पाहिलं, मग डोमाजींकडे. आणि त्यालाही कारण होतं. दगड नसेल तर नंबर नाही, असा इथला नियम होता. म्हणजे ज्याचा दगड गेला त्याने सर्वांत मागे जायचं. नाहीतर जो तो 'माझा दगड इथे होता' म्हणून भांडेल. आणि हा नियमही डोमाजींनीच केला होता.

"राहू द्या ना भाऊ," गोदावरीबाई म्हणाल्या. "साऱ्यायले मालूम हाये तुमचा पाचवा होता."

"हाव, राहू द्या," वासुदेवरावही म्हणाले. त्यांचा सातवा नंबर सुखरूप असल्यामुळे ते आता मवाळ झाले होते.

डोमाजींनी विटेचा भुगा पायाने बाजूला सारला, कुंपणाजवळचा एक दगड उचलला आणि रांगेच्या अगदी शेवटी नेऊन ठेवला. "कायदा मीच केला. माझ्यासाठी मोडला तं उद्या सारेच मोडतीन." मग माझ्याकडे वळून, "तुमच्यामुळं माझा नंबर आता परवा, गुरुजी. आज मुक्काम कराचा होता येथी. आता घरी जातो."

गाडीचं दार उघडून ललिता खाली उतरली. "डोमाजी, आम्ही सोडतो तुम्हाला घरी. एवढं तरी करू द्या." आणि ते चढून बसल्यावर तिने सरळ विचारलं, "या भागात रात्री गाडी लावायला कोणी आपणहून 'राहा' म्हणेल, अशी जागा ठाऊक आहे का?"

डोमाजी पहिल्यांदा हसले. "बाई, एकतीस वरसं मी दुसरं काय करून राहिलो होतो?"

एकतीस वर्षं ते ट्रक चालवत होते. नागपूर, रायपूर, टाटानगर, कलकत्ता. जाताना संत्री, येताना लोखंड. भाड्याची खोली कधी घेतली नाही, रस्त्याच्या कडेला चोरून झोपले नाहीत. "जागा मांगूनच घेतली," ते म्हणाले. कशी मागायची याची त्यांची एक पद्धत होती. जागा मागायची नाही. आधी पाणी मागायचं. "पानी कसं देते ते पाहाचं. बोटानं नळ दाखवला तं गाडी पुढं. गडव्यात घेऊन आला, पेईपरेंत उभा राह्यला, तं समजाचं, जागा भेटली." जरा थांबून म्हणाले, "काही ठिकानी पयले आडनाव पुसत. मंग पानी. तेथी तं इंजनच बंद नाई केलं कधी."

मी गाडीच्या आरशात पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते आणि आवाज तर चहात साखर किती हे सांगितल्यासारखा होता.

"आणि कायदेशीर?" मी विचारलं. माझ्या वहीत मोफत, कायदेशीर, सुरक्षित असे तीन रकाने होते. चौथा ललिताने आखला होता: संडास.

"ज्याची जागा तो हो म्हनते, तोच कायदा," डोमाजी म्हणाले. "चाला. चार जागा पाहू."

माझा जीव भांड्यात पडला. एकतीस वर्षांच्या अनुभवाचा माणूस गाडीत बसलेला. दिवेलागणीला दोन तास. आता काळजी कशाची?

पहिली जागा रस्त्याला लागून होती. एका ढाब्यामागे पाच आंबे, त्यांच्या सावलीत दहा ट्रक उभे राहत, असं ते सांगत होते. ते सांगत असतानाच आम्ही तिथून पुढे निघून गेलो. परत वळून आलो. आंबे नव्हते. ढाबा नव्हता. चौपदरी रस्त्याची कड होती आणि तिच्यावर किलोमीटरचा दगड.

"येथीच होता," डोमाजी म्हणाले.

दुसरी जागा लाखनीच्या बाजूला होती, पण तिकडे जाण्यात अर्थ नाही हे त्यांना स्वतःलाच आठवलं. "पूल वर गेला, चायवाला खाली राह्यला. कोनी थांबतच नाई आता." तिसऱ्या जागी एक भिंत होती. भिंतीला फाटक, फाटकाला कुलूप. डोमाजी उतरून कुलपाकडे बघत उभे राहिले. परत आले तेव्हा टॉवेल डोक्यावरून काढून मांडीवर ठेवला. ट्रक सोडून त्यांना आठ वर्षं झाली होती. त्यांच्या डोक्यातला नकाशा पक्का होता. रस्ता मात्र तो राहिला नव्हता. माझा भंडारा जिल्हा गोंदियासकट होता, तसंच काहीसं.

साडेचार वाजले. ललिताने मागे जाऊन अंथरुणं काढली आणि घड्या घालायला सुरुवात केली. घड्यांचा आवाज होत नाही, पण मला ऐकू येत होता.

"आत गावात पाहू," मी म्हणालो आणि डोमाजींना न विचारताच डावीकडे वळलो. समोर तलाव आला. पाळीवर मोहाची झाडं, पाण्यात बगळे, पलीकडे कापलेल्या धानाची शेतं. इकडे पाळीला पार म्हणतात. त्या पारीवर एक गाडीभर जागा होती, पाण्यात उतरायला दगडी पायऱ्या होत्या. मी ब्रेक दाबला. असा मुक्काम मिळाला तर ललिताच काय, गाडी विकत घेणारासुद्धा विकणार नाही.

"डोमाजी, ही?"

"येथी सकाळी बाया येतात आंग धुवाले," ते म्हणाले. "तुमची पडदेवाली गाडी उभी दिसली तं त्याइनं कोठी जाव?"

मागून ललिता म्हणाली, "चला पुढे."

पुढे एका शेताच्या कडेला मला गुळगुळीत, सारवलेलं, सिमेंटलाही लाजवेल असं गोल मैदान दिसलं. मी नुसतं चाक वळवलं आणि डोमाजी जागेवरून अर्धे उठले.

"खळं हाये ते! गुरुजी, आमी तेथी चप्पल काढून पाय ठेवतो, आन तुमी चाकं टाकता?"

मी चाक सरळ केलं. भूगोलाच्या पुस्तकात सपाट जमीन म्हणजे सपाट जमीन असते. इथे प्रत्येक सपाट जागेवर कोणाचं तरी काहीतरी चाललेलं होतं, आणि ते मला दिसत नव्हतं.

पाच वाजता आम्ही त्याच गावच्या ग्रामपंचायतीपुढे उभे होतो. मोठं अंगण, फाटक, दिवा, नळ आणि चक्क संडास. चारही रकाने भरत होते. ओट्यावर धनीराम नावाचे शिपाई कुलपाच्या किल्ल्या चाळवत बसले होते. डोमाजींनी पाणी मागितलं. धनीराम आत गेले आणि गडवा भरून घेऊन आले! डोमाजी पीत होते तोवर समोर उभेही राहिले. मी ललिताकडे पाहिलं. तिनेही पाहिलं होतं.

"पाहुने हायेत," डोमाजी तोंड पुसत म्हणाले. "आजच्या रात गाडी राहू दे येथी."

"राहतीन ना. मले काई अडचन नाई," धनीराम म्हणाले. माझे डोळे भरून यायच्या बेतात होते. "फक्त ठराव लागन."

"कसला ठराव?"

"आवारात बाहेरची गाडी रातभर ठेवाची तं मासिक सभेत ठराव लागते. सभा पंचवीस तारखेले."

त्या दिवशी बारा तारीख होती.

"सरपंचाले फोन लाव ना बावा," डोमाजी म्हणाले.

"उर्वशीताई साकोलीले गेल्या, मीटिंगले." फोन लावला. वाजला, वाजला, थांबला. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावल्यावर एका बाईने, आपण संपर्क करू इच्छिता ती व्यक्ती सध्या उत्तर देत नाही, असं सांगितलं. ते शुद्ध मराठी ऐकून धनीरामही खिन्न झाले.

सूर्य समोरच्या घराच्या छपराला टेकला होता. ललिताने फोन काढला आणि नागपूरला मुलीला लावला. "हो, आजच. जेवायला थांबू नका, नुसतं अंथरूण घाल."

आता सांगायला हरकत नाही, पण त्या क्षणी मला गाडी जाण्याचं दुःख नव्हतं. गाडी लोखंड आहे, विकली जाते. मला भीती वाटत होती ती त्यानंतरची. मी घरी बसेन, ती घरी बसेल, आणि सदतीस वर्षं मी शाळेत असल्यामुळे जे आमच्या लक्षात आलं नव्हतं ते समोरासमोर बसून लक्षात येईल. गाडीत निदान रस्ता समोर असतो.

"डोमाजी," ललिता म्हणाली, "एक विचारू? तुमच्याच दारात जागा नाही का?"

डोमाजींनी टॉवेल पुन्हा डोक्याला गुंडाळला. सोडला. पुन्हा गुंडाळला. दुपारी वीस जणांची रांग डोळे मिटून लावणारा माणूस आता चाचरत होता.

"जागा हाये," ते म्हणाले. "दहाचाकी उभी राहे एवढी जागा हाये."

"मग?"

मग एकोडीच्या रस्त्याला लागल्यावर ते बोलले. माझ्याशी नाही, ललिताशी. महिन्यातून एकदा-दोनदा ट्रक घरावरून जायचा, तेव्हा तो अंगणात उभा राही. एक मुक्काम, पहाटे चालू. मुलगा अश्वजित झाला तेव्हा डोमाजी कलकत्त्याला होते. नवव्या दिवशी आले. सासू वारली तेव्हा रायपूरला. घर शाकारणं, रोवणी, पोराची शाळा, सगळं त्यांच्या पत्नीने, पार्वताबाईंनी एकटीने केलं. "घरची म्हने, दारात गाडी दिसली का माझ्या पोटात गोया येते. आली म्हंजे जानारच." ज्या दिवशी डोमाजी ट्रकची चावी मालकाला देऊन आले, त्या दिवशी पार्वताबाईंनी कुदळ घेतली आणि ट्रक उभा राहायचा तिथे आळं खणून वाल लावला. आठ वर्षं झाली. त्यांच्या दारात गाडी उभी राहत नाही. अश्वजित भंडाऱ्याहून मोटारसायकलने येतो, तोही ती गल्लीच्या तोंडाशी लावतो.

"मी कायदे करतो ते पटांगनात," डोमाजी म्हणाले. "घरी तिचा हाये."

आम्ही एकोडीत शिरलो तेव्हा पाखरं झाडांवर बसून भांडत होती आणि उजेड हातावर मोजता येईल इतका उरला होता. मी गाडी गल्लीच्या तोंडाशीच थांबवली. त्या दिवसात पहिल्यांदाच मला कुठे थांबायचं ते न सांगता कळलं.

पार्वताबाई दारातच उभ्या होत्या. पांढरी साडी, बौद्ध घरातल्या रीतीचं मोकळं कपाळ, हातात सूप. नवरा उद्याच्या ऐवजी आज आला, तोही पांढऱ्या दवाखान्याच्या गाडीतून, म्हणून आधी त्या घाबरल्या.

"काय झालं जी? पडले का काय?"

"पडलो नाई. नंबर गेला. हे गुरुजी..." डोमाजींनी थोडक्यात सांगितलं. माझं नाव येईल तिथे मी खाली बघत राहिलो. "आन याइले रातच्यासाठी जागा पायजे. नाई भेटली तं ते नागपूरले जातीन."

पार्वताबाईंनी गाडीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग पाहणं जिथे थांबायला हवं होतं तिथे थांबलं, म्हणजे ललितावर. सूप खाली ठेवलं, आत गेल्या, गडवा भरून आणला आणि ललिताच्या हातात दिला. ललिता पीत असताना त्या समोर उभ्या राहिल्या. डोमाजींनी माझ्या कोपराला हलकेच ढोसलं.

"बाई, तुमाले आवडते का हे गाडीत राहनं?" पार्वताबाईंनी विचारलं.

ललिताने गडवा परत दिला. "मला विचारलंच नव्हतं कोणी. तुम्हीच पहिल्या."

मला पुन्हा एकोणीस दगड उचलल्यासारखं वाटलं. पार्वताबाई मात्र हसल्या. त्यांचे पुढचे दोन दात नव्हते आणि हसणं सगळ्या तोंडभर होतं. "माझंबी तसंच," त्या म्हणाल्या. "एकतीस वरसं." मग त्यांनी गल्लीच्या तोंडाकडे पाहिलं. कोणाच्या तरी घरात दिवा लागला. मग दुसऱ्या घरात.

"राहा," त्या म्हणाल्या. "आना आत गाडी. पन वालाच्या मांडवाले धक्का लागला नाई पायजे. आन बाई घरात झोपन माझ्यासंग, तुमी झोपा तुमच्या गाडीत."

मग घरासमोरचा दिवा लावून त्या ललिताला हाताला धरून आत घेऊन गेल्या. गाडी आत घेणं हे काम डोमाजींनी केलं. मला चावी मागितली, मी दिली. ट्रक जिथे उभा राहत असे तिथे आता वाल होता. त्याला एक पानही न लागू देता, आरशात न बघता, त्यांनी आमचा दवाखाना मांडवाशेजारी अलगद उभा केला. इंजिन बंद केल्यावरही ते चाकावर हात ठेवून जरा बसून राहिले. मग उतरून चावी माझ्या हातावर ठेवली.

आम्ही दोघं अंगणातल्या खाटेवर बसलो. 'राहा' मिळालं होतं, तेही दिवेलागणीच्या सोबत. अट पुरी झाली होती. मला आनंद व्हायला हवा होता. पण घरात दोघींचं बोलणं सुरू झालं होतं. शब्द कळत नव्हते. मध्येच पार्वताबाई काहीतरी म्हणाल्या आणि ललिता खळखळून हसली. तीन दिवसांत ती हसली नव्हती. तीन दिवसांत कशाला, अशी हसलेली मला आठवेचना. हे हसणं उद्या पुढे जाण्याचं होतं की घरी जाण्याचं? का दोन्हीचं नसून माझ्यावरचं होतं? मी सदतीस वर्षं मुलांच्या चेहऱ्यावरून उत्तर येतंय की नाही ते ओळखत आलो. भिंतीपलीकडचं एक हसणं मला लावता येईना. पुन्हा हसली. मला बसवेना.

"डोमाजी," मी हळूच विचारलं, "तुम्हाला काय वाटतं, उद्या सकाळी ही पुढे चला म्हणेल की नागपूरला?"

डोमाजींनी चप्पल काढून पाय वर घेतले.

"मले काय पुसता? इतकी वरसं तिच्यासंग तुमी राह्यले का मी?"